पाठीची कमान : नांवांचा इतिहास आणि शरीराची साक्ष



एका घरांतला सकाळचा प्रसंग कल्पनेनें डोळ्यांसमोर आणा. आजोबा नातीला म्हणतात, "ऊर्ध्वधनुरासन करून दाखव पाहूं." नात उताणी पडते, गुडघे दुमडते, तळहात कानांपाशीं टेकते आणि सबंध शरीर उचलून पाठीची सुरेख कमान करते. मग तशीच उलटी राहून ती म्हणते, "आजोबा, आमच्या बाई याला चक्रासन म्हणतात." तेवढ्यांत शेजारचे गृहस्थ येतात. त्यांचें शिक्षण म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या परंपरेंतलें. ते म्हणतात, "छे, छे! चक्रासन म्हणजे उताणें पडून पाय डोक्यावरून पलीकडे टाकीत घेतलेली मागची कोलांटी." झालें! चहा निवतो, पण वाद निवत नाहीं.

गंमत अशी कीं, या वादांत खोटें कोणीच बोलत नाहीं. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ सालच्या इंग्रजी ग्रंथांत त्या कमानीला ऊर्ध्वधनुरासन म्हटलें आहे. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांच्या परंपरेंत तिलाच चक्रासन म्हणतात. आणि शेजाऱ्यांची कोलांटीही त्यांच्या गुरुघराण्यांत त्याच नांवानें चालते. हा घोटाळा मागें वांकण्याच्या आसनांत फार आहे. धनुष्य, चक्र, सेतु, उंट, पलंग हीं नांवें एका आकृतीवरून दुसऱ्या आकृतीवर उडत गेलीं आहेत. तीं कशीं उडालीं, आणि एकसारख्या दिसणाऱ्या या आसनांचा भेद नांवावर विसंबून न राहतां कसा ओळखावा, याचा विचार आज करूं.

प्रारंभ उंटापासून करणें बरें. पतंजलीच्या योगसूत्रांवर जें प्राचीन व्यासभाष्य आहे, त्यांत आसनांची एक लहानशी यादी येते. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक अशा नांवांबरोबर तींत 'उष्ट्रनिषदन' आहे. निषदन म्हणजे बसणें. वाचस्पति मिश्रांनीं आपल्या टीकेंत त्याचा खुलासा मोठ्या मौजेनें केला आहे. क्रौंच, हत्ती आणि उंट हे प्राणी बसलेले असतां त्यांची ठेवण कशी दिसते तें पाहावें, म्हणजे हीं आसनें कळतील, असा त्यांचा अभिप्राय. पाय पोटाखालीं दुमडून निवांत बसलेला उंट ज्यानें पाहिला आहे, त्याला हें पटेल कीं या उंटाचा पाठ वांकविण्याशीं कांहीं संबंध नाहीं. ती ध्यानाची बैठक होती. आसन स्थिर आणि सुखाचें असावें, एवढीच पतंजलीची अपेक्षा. आणि ही यादी त्याच अपेक्षेला धरून आहे.

यानंतर कित्येक शतकें लोटलीं. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामानें हठयोगप्रदीपिका रचली. या ग्रंथांत पंधरा आसनें वर्णिलीं आहेत. आज जें भुजंगासन शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतें, तें त्या पंधरांत नाहीं. शलभासन नाहीं, उष्ट्रासनही नाहीं. धनुरासन मात्र आहे. परंतु त्याचें वर्णन एवढेंच कीं, पायांचे अंगठे हातांनीं धरून धनुष्य ओढावें तसे कानापर्यंत ओढावेत. पालथें पडावें कीं बसावें, हें श्लोक सांगत नाहीं. ब्रह्मानंदानें एकोणिसाव्या शतकांत प्रदीपिकेवर ज्योत्स्ना नांवाची टीका लिहिली. तिच्यांत या श्लोकाचा अर्थ असा लावला आहे कीं, एका हातानें अंगठा धरून तो हात पुढें पसरावा आणि दुसऱ्या हातानें दुसरा अंगठा कानापर्यंत ओढावा. म्हणजे बाण सोडणाऱ्या धनुर्धराची ही आकृति झाली. हिलाच आज आकर्णधनुरासन म्हणतात. तींत पाठ मागें वांकत नाहीं. ब्रह्मानंदाचा अर्थ मान्य केला, तर प्रदीपिकेच्या पंधरा आसनांत पाठीची कमान करणारें असें निःसंशय एकही आसन उरत नाहीं.

त्यानंतरची घेरण्डसंहिता साधारणपणें इसवी सन १७०० च्या आसपासची मानतात. घेरण्ड मुनि चण्डकापालि राजाला उपदेश करीत आहेत, अशी तिची मांडणी आहे. तिच्यांत बत्तीस आसनें असून येथें आपल्या ओळखीचीं नांवें भेटूं लागतात. भुजंगासनाविषयीं ती सांगते कीं, पायाच्या अंगठ्यापासून बेंबीपर्यंतचें शरीर जमिनीला चिकटलेलें ठेवावें, तळहात टेकावेत आणि सापाप्रमाणें वरचा भाग उचलावा. शलभासनांत पालथें निजून, तळहात छातीच्या बाजूंना टेकून, दोन्ही पाय वीतभर उचलावयाचे. धनुरासनांत पाय जमिनीवर काठीसारखे पसरावयाचे, हात पाठीमागून नेऊन पाय धरावयाचे आणि अंग धनुष्यासारखें करावयाचें. पालथें पडण्याचा शब्द याही श्लोकांत नाहीं. आणि आपला उंट? घेरण्डाचा उंट बसलेला नाहीं. साधकानें पालथें निजावें, पाय उलटे दुमडून पाठीवर घ्यावेत, ते हातांनीं धरावेत आणि पोट व तोंड आंवळावें, म्हणजे उष्ट्रासन होतें, असें तो म्हणतो. हें वर्णन वाचून आजच्या विद्यार्थ्याला जी आकृति सुचेल, ती पुष्कळ अंशीं आजच्या धनुरासनाची असेल! आज उष्ट्रासन म्हणून गुडघ्यांवर उभें राहून, मागें वांकून, तळहात तळपायांवर ठेवण्याची जी रीत आहे, ती या श्लोकांत कोठेंच नाहीं. म्हणजे भाष्यकाराचा उंट बसलेला, घेरण्डाचा उंट पालथा आणि आपला उंट गुडघ्यांवर उभा.

असें कां झालें असावें? श्लोक ही स्मरणाची सोय होती. आसन गुरु समोर करून दाखवीत असे. श्लोक पाठ असला कीं पाहिलेलें आठवे. लिहिणाऱ्याला सगळें लिहिण्याचें कारणच नव्हतें. पुढें गुरूची ओळ तुटली, श्लोक तेवढा राहिला, आणि नव्या हातांनीं त्यांत नवी आकृति भरली. शिवाय नांवें आकारावरून पडलेलीं असल्यामुळें, जें जें वांकलेलें दिसलें त्याला धनुष्य म्हणतां आलें. आपल्या व्यायामशाळेंतलीं मुलें या आकृतीला नुसती 'कमान' म्हणतात. तो फारसी शब्द, आणि फारसींत कमान म्हणजे धनुष्यच. पंडितानें संस्कृतांत जें नांव ठेवलें, तेंच आखाड्यांतल्या पोरांनीं फारसींत ठेवलें. परस्परांना विचारण्याची गरज दोघांनाही पडली नाहीं.

या इतिहासांतला एक महत्त्वाचा दुवा पुण्यांत आहे. इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनीं १९१० सालीं स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत 'हठाभ्यासपद्धति' नांवाच्या संस्कृत ग्रंथाचें एक अपुरें हस्तलिखित आहे. कर्ता कपालकुरण्टक, ग्रंथ अठराव्या शतकांतला असावा असें संशोधक मानतात. जेसन बर्च आणि मार्क सिंगलटन यांनीं २०१९ सालीं त्याच्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. या ग्रंथांत एकशें बारा आसनें आहेत. तेवढ्यापेक्षां मोलाची आहे ती त्यांची वर्गवारी. उताणें पडून करावयाचीं, पालथें पडून करावयाचीं, एका जागीं स्थिर राहून करावयाचीं, उभ्यानें करावयाचीं, दोरीवर करावयाचीं, आणि सूर्यचंद्रभेदन करणारीं, असे त्याचे सहा वर्ग आहेत. हा ग्रंथकार आसनाचें गोत्र विचारतांना नांवापाशीं थांबत नाहीं. शरीर कोणत्या स्थितींतून निघालें हें तो आधीं पाहतो.

याच परंपरेचा एक प्रवाह म्हैसूरच्या राजवाड्यांत पोहोंचला. मुम्मडि कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांच्या आश्रयानें तयार झालेल्या 'श्रीतत्त्वनिधि' या सचित्र ग्रंथांत एकशें बावीस आसनांचीं चित्रें आहेत, एन. ई. स्योमन यांनीं तीं १९९६ सालीं प्रकाशांत आणलीं. त्यांत आपल्या नातीच्या कमानीसारखी एक आकृति आहे, आणि तिच्याखालीं नांव आहे 'पर्यंकासन'! पर्यंक म्हणजे पलंग. दोन हात आणि दोन पाय हे पलंगाचे चार खूर आणि वर उचललेलें धड ही त्याची बैठक, असें मानलें तर नांव अगदीं चपखल बसतें. परंतु पर्यंक हा शब्द व्यासभाष्याच्या यादींतही आहे, आणि तेथें वाचस्पति त्याचा अर्थ हात गुडघ्यांपर्यंत लांबवून निजणें असा करतात. अय्यंगारांच्या ग्रंथांत आणखी तिसरेंच पर्यंकासन आहे. तेथें वीरासनांत बसून मागें वांकावयाचें आणि माथा जमिनीला टेकून छाती उचलावयाची. पलंग एक, निजण्याच्या तऱ्हा तीन.

विसाव्या शतकांत हा सारा वारसा छापखान्यांत आणि छायाचित्रांत आला. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें आणि यौगिक क्रियांची परीक्षा क्ष-किरणांच्या यंत्रानें करण्यास आरंभ केला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत कृष्णम्माचार्य शिकवूं लागले. त्यांचा 'योगमकरंद' हा कानडी ग्रंथ १९३४ सालीं निघाला. त्यांचे शिष्य अय्यंगार १९३७ सालीं पुण्यास आले आणि २०१४ सालीं येथेंच निवर्तले. ऋषिकेशास शिवानंद होते. त्यांचे शिष्य सत्यानंद पुढें बिहारांत मुंगेर येथें शिकवूं लागले आणि १९६९ सालीं त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. हे सारे अभ्यासू व अधिकारी पुरुष. संस्कृत नांवांची पेटी मात्र सर्वांना एकच मिळालेली. तींतून ज्यानें त्यानें आपल्या आकृतीस शोभेल तें नांव उचललें. छायाचित्र छापलें गेल्यावर त्या त्या घराण्यापुरतें नांव पक्कें झालें. घराण्या-घराण्यांतला भेद मात्र त्याबरोबर छापून कायम झाला.

आपण म्हणाल, नांवांत काय आहे? व्यवहारांत पुष्कळ आहे. कोणी कंबरदुखीच्या माणसाला "सेतुबंधासन करा" म्हणून सांगतो. तो माणूस घरीं येऊन पुस्तक उघडतो. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें योगदिनासाठीं ठरविलेल्या अभ्यासक्रमांत सेतुबंधासन म्हणजे उताणें पडून, गुडघे दुमडून, घोटे धरून कंबर उचलणें. मुंगेरच्या ग्रंथांत याच आकृतीचें नांव कंधरासन, आणि तेथें सेतुआसन म्हणजे बसून, हात मागें टेकून, सबंध शरीर फळीसारखें वर उचलणें. अय्यंगारांचें सेतुबंधसर्वांगासन सर्वांगासनांतून पाय पलीकडे सोडून होतें. आणि त्यांचें नुसतें सेतुबंधासन काय आहे? तेथें हात छातीवर गुंफलेले असतात, पाय ताठ असतात, आणि देहाचा भार माथा व तळपाय या दोहोंवरच तोललेला असतो. पहिलें आसन बहुतेकांना शिक्षकाच्या नजरेखालीं जमण्यासारखें आहे. शेवटचें मानेचा प्रश्न आहे. नांव ऐकून चुकीचें पान उघडलें, तर त्याची किंमत मणके भरतात.

दुसरें नुकसान विचाराचें आहे. घेरण्ड म्हणतो कीं भुजंगासनानें देहाचा अग्नि वाढतो, रोग नाहींसे होतात आणि कुंडलिनी जागी होते. हें फल त्यानें आपल्या भुजंगासनाविषयीं सांगितलें. आपण केवळ नांव तेंच म्हणून वेगळ्या आकृतीला त्या श्लोकाचा दाखला जोडतों आणि वर तिला सहस्र वर्षांची म्हणतों. एखाद्यानें पणज्याच्या नांवाचें दुकान काढून त्याची पत आपल्या खात्यांत धरावी, तसलाच हा प्रकार. नवें असणें हा आसनाचा दोष नव्हे. गुडघ्यांवरचें उष्ट्रासन नवें असून उपयुक्त असूं शकतें. त्याचा गुण मात्र आजच्या अनुभवानें आणि परीक्षेनें ठरला पाहिजे. कुवलयानंदांनीं यंत्र आणलें तें याचसाठीं.

तर मग भेद ओळखावा कसा? मी आपल्याला तीन प्रश्न सुचवितों. पहिला प्रश्न कपालकुरण्टकाचाच: शरीर कोठून निघालें? उताणें, पालथें, गुडघ्यांवर कीं उभें? दुसरा: आसन पूर्ण झाल्यावर जमिनीला काय काय टेकलेलें आहे? तिसरा: पाठीला वांकवणारें बळ कोणतें? पाठीचे स्नायु आपण होऊन उचलतात, हात जमिनीला रेटतात, हातपाय एकमेकांना ओढतात, कीं शरीराचें वजन मागें जातें?

हे प्रश्न लावून पाहूं. भुजंगासन आणि ऊर्ध्वमुख श्वानासन यांचीं चित्रें दुरून एकच वाटतात. सूर्यनमस्कारांत कांहीं परंपरांत एक येतें, कांहींत दुसरें. दोन्ही पालथ्या स्थितींतून निघतात. परंतु भुजंगांत बेंबीपासून खालचें अंग जमिनीवर असतें. घेरण्डानें ती मर्यादा स्पष्ट घातली आहे. श्वानासनांत मांड्या आणि गुडघे अधांतरीं असतात, जमिनीवर तळहात आणि पावलें एवढींच. म्हणून भुजंगांत काम मुख्यतः पाठीचें. हात क्षणभर उचलले तरी फणा फारसा खालीं येतां कामा नये. श्वानासनांत सारा भार दंडांवर असून पायही ताठ ठेवावे लागतात.

शलभासन आणि शलभासन यांतही भेद आहे! घेरण्डाप्रमाणें केवळ पाय उचलावयाचे. कैवल्यधामाचीही तीच रीत, मात्र तेथें हात मुठी वळून शरीराच्या बाजूंना असतात. अय्यंगारांच्या शलभासनांत हात मागें ताणून डोकें, छाती आणि पाय एकाच वेळीं उचलले जातात, आणि जमिनीवर पोट तेवढें राहतें. दोहोंत बळ पाठीच्याच स्नायूंचें. उचलावयाचा भाग वेगळा.

आतां तीन धनुष्यें घ्या. आकर्णधनुरासन बसून करावयाचें. तेथें धनुष्य ओढण्याची क्रिया आहे, कमान नाहीं. आजचें धनुरासन पालथें. हात घोटे धरतात, पाय सरळ होऊं पाहतात, हात त्यांना सुटूं देत नाहींत, आणि या ओढाताणींत पाठ वांकते. येथें हात ही दोरी आणि देह हें धनुष्य. ऊर्ध्वधनुरासन, म्हणजे नातीचें चक्रासन, उताणें असून त्यांत हात आणि पाय जमिनीला रेटून देह उचलतात. येथें दोरी नाहींच. पालथें धनुष्य ओढीनें वांकतें, उताणें धनुष्य रेट्यानें. एकांत भार पोटावर, दुसऱ्यांत मनगटांवर आणि तळपायांवर. म्हणून ज्याला एक साधलें त्याला दुसरें साधेलच असें नाहीं.

शेवटचा जोड उष्ट्रासन आणि कपोतासन यांचा. दोन्ही गुडघ्यांवरून निघतात आणि दोहोंत वजनच पाठीला मागें नेतें. त्याला आवर घालतात मांड्यांचे आणि पोटाचे स्नायु. उष्ट्रासनांत मांड्या खांबासारख्या उभ्या आणि तळहात तळपायांवर. कपोतासनांत धड तेथें न थांबतां आणखी मागें जातें, कोपरें जमिनीला टेकतात आणि हात पावलें धरतात. उष्ट्रासन अर्ध्या वाटेवरचा मुक्काम आहे असें समजून कपोताकडे धांव घेणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बरगड्यांच्या पिंजऱ्यामुळें पाठीचा मधला भाग थोडाच मागें वांकतो. कंबर आणि मान लवकर वांकतात. कमान दिसावी म्हणून घाई केली, तर सगळा वांक कंबरेच्या दोनचार मणक्यांवर पडतो. चित्रांत तें दिसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कळतें. म्हणून ज्यांची पाठ किंवा मान आधींच दुखत असेल, त्यांनीं वैद्याला विचारून जाणत्या शिक्षकापुढेंच हा अभ्यास करावा.

आतां पुन्हा त्या घरीं जाऊं. निवालेला चहा तापविण्यास कोणी तरी आंत गेलें आहे. आजोबांनीं नातीला आपलें नांव सोडावयास सांगूं नये, आणि नातीनें आजोबांना जुनाट म्हणूं नये. शेजाऱ्यांची कोलांटीही त्यांच्यापाशीं सुखानें राहो. एकमेकांना सांगतांना मात्र नांवाबरोबर एवढें सांगावें: "मी उताणी पडतें, हात कानांपाशीं टेकतें आणि हातापायांनीं रेटून उठतें." एवढ्या वाक्यानें वाद मिटतो, आणि चुकीचें आसन कोणाच्या अंगावर येत नाहीं. श्लोकाला जें सांगावयाचें राहून गेलें, आणि जें गुरु समोर बसून दाखवीत असे, तेंच हें वाक्य सांगतें. पुण्याच्या हस्तलिखितांतल्या त्या ग्रंथकारानें अडीचशें वर्षांपूर्वीं आसनें अशींच लावून ठेविलीं होतीं. आपण त्याची रीत तेवढी उचलूं या.